पाडवा होऊन गेला तरी रेन ट्रीला पालवी नाही. झाडांना दुष्काळ कळतो कसा?

चिंचेचा पार, ११ एप्रिल, रात्री ९:२०
नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाला एक दांडगा रेन ट्री आहे. तेवीस वर्षं बघतेय मी त्याला. गड्ड्याची जत्रा उठली की पानं पिवळी पडायला लागतात, शिवरात्रीपर्यंत खाली नुसता सडा, झाडून झाडून कंबर जाते, आणि पाडव्याला गच्चीवर गुढी उभारताना समोर बघावं तर पोपटी पालवी. यंदा पाडवा होऊन बारा दिवस झाले, झाड तसंच. काड्या नि वाळक्या शेंगा. रोज सकाळी दूध आणायला जाताना मान वर करून बघते नि पुढे जाते.

काल घरात मी हे बोलले तर लेक (अकरावी सायन्स) म्हणते, "आई, यंदा आली नाही यात नवल काय, एप्रिलात पाणी कुठंय? दरवर्षी येत होती तेच नवल." खरंच की. पाऊस जूनमध्ये, आणि हा मार्चमध्ये कोवळी पानं काढतो ती कशाच्या जोरावर? रात्री वाचत बसले तर गोंधळ अजून वाढला. ॲमेझॉनच्या जंगलातली झाडंसुद्धा म्हणे पावसाळ्यात नाही, कोरड्या महिन्यांतच नवी पानं काढतात. ज्यांच्याकडे एवढा पाऊस त्यांनी पण उन्हाळाच का धरावा?

तर माझं झाड गेलंय का थांबलंय ते कसं ओळखायचं, आणि मुळात हे झाडांचं गणित काय असतं, दोन्ही सांगा. मला झोप लागत नाहीये त्याच्यामुळं, खरं सांगते.

हुरडा पार्टी, ११ एप्रिल, रात्री ९:३४
ताई आधी फांदीची साल नखानं खरवडून बघा. आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत आहे. बाकी चर्चा नंतर.

काळी माती, ११ एप्रिल, रात्री ९:५१
रेन ट्री म्हणजे ज्याच्या खाली गाडी लावली की काच चिकट होते तोच ना? पाऊस पाडतो म्हणून रेन ट्री म्हणतात असं आमचे आजोबा सांगायचे.

जंगलवाट, ११ एप्रिल, रात्री १०:१५
काळी माती, ते चिकट पाणी रस पिणाऱ्या किड्यांचं असतं, झाडाचं नाही. आणि ढग दाटून आले की त्याची पानं मिटतात, संध्याकाळी पण मिटतात, त्यावरून पण नावाच्या बऱ्याच गोष्टी सांगतात. मूळचं झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेचं, पण घनदाट वर्षावनाच्या पोटातलं नाही, जिथे काही महिने कोरडे जातात त्या जंगलांतलं आणि माळांवरचं. म्हणून सोलापूर त्याला मानवलं.

ताईंच्या लेकीचा प्रश्न फार नेमका आहे, त्याचं उत्तर नीट लिहितो उद्या, आज खूप उशीर झालाय.

सांगोल्याचा भाऊ, ११ एप्रिल, रात्री १०:४०
मी शास्त्रज्ञ नाही, डाळिंबवाला आहे, पण लेकीला एवढं सांगा की पाणी दिलं की फुटतं आणि नाही दिलं की नाही फुटत इतकं साधं झाडाचं नसतंय. आमचा सगळा धंदाच उलट्या हिशोबावर चालतो. बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचं. हलकी जमीन असंल तर महिनाभर, भारी काळी असंल तर दीड-दोन महिने. पानं पिवळी पडून गळायला लागतात, राहिलेली औषध मारून गाळतो, मग छाटणी, खत, आणि मग पहिलं पाणी. त्या पाण्यावर झाड जे फुटतं ते बघायला यावं तुम्ही, पंधरा दिवसात बाग लाल. मृग, हस्त, आंबे, कुठला पण बहार धरा, ताण दिल्याशिवाय फूल नाही. झाडाला ताण बसला पाहिजे.

तुमचा रेन ट्री पण ताणात असंल. पाऊस पडू द्या, फुटतो का नाही बघा.

कडक भाकरी, १२ एप्रिल, सकाळी ६:५०
भाऊ तुमचं डाळिंब आणि ॲमेझॉन एका मापात कसं बसंल? वर्षावन म्हणजे बारा महिने पाऊस. तिथं ताण यायचा प्रश्नच नाही. मला वाटतं ताईंनी वाचलं ते काहीतरी चुकीचं भाषांतर असणार.

मानौसकर, १२ एप्रिल, सकाळी ८:०५ (इथे अजून रात्र आहे)
कडक भाकरी, मी सोलापूरचा, अशोक चौकात लहानाचा मोठा झालो, आता सहा वर्षं मानौसला कारखान्यात आहे, ॲमेझॉनच्या अगदी मध्यात. बारा महिने पाऊस नसतो हो इथं. वर्षाला सोलापूरच्या तिप्पटीहून जास्त पडतो हे खरं, पण जुलै ते सप्टेंबर रीतसर कोरडे महिने. इथले लोक त्यालाच उन्हाळा म्हणतात. आणि २०२३ ला जे बघितलं ते विसरणार नाही. ऑक्टोबरात इथल्या रियो नेग्रो नदीची पातळी १२.७० मीटरवर आली, १९०२ पासून नोंदी ठेवतात त्यातली सगळ्यात कमी. पुढच्याच वर्षी २०२४ ला तो पण आकडा मोडला आणि नदी अजून खाली गेली. उजनी आटली की पळसदेवचं देऊळ वर येतं ना, तसं इथं नदीकाठच्या खडकात जुन्या काळी कोरलेले माणसांचे चेहरे उघडे पडले. मी बघायला गेलो होतो. पाण्याखालचा खडक पायाखाली तापलेला होता. तेफेच्या तळ्यात पाणी इतकं तापलं की शंभराच्या वर डॉल्फिन मेले. जंगलाच्या आगीचा धूर शहरात, दारं-खिडक्या लावून बसायचो. आई फोनवर विचारायची तुझ्याकडे तर जंगल आहे ना, मग कसला दुष्काळ. काय सांगणार तिला.

जंगलवाट, १२ एप्रिल, सकाळी १०:३०
आता निवांत लिहितो. लांबलं तर सांभाळून घ्या, माझा जीव या विषयात आहे.

पहिली गोष्ट, झाडाला पाणी लागतं तसा उजेड पण लागतो, आणि वर्षावनात पाणी मुबलक असतं तेव्हा उजेड कमी असतो. पावसाळाभर ढग. आपल्या आंबोलीत जुलैमध्ये भर दुपारी दिवे लावावे लागतात, ते बघितलंय ना? मग झाडानं अन्न तयार करायचं कधी? आभाळ मोकळं असतं तेव्हा. ताजं पान जुन्यापेक्षा जास्त काम करतं, वर्षभराचं झालेलं पान थकलेलं असतं. म्हणून कोरडा हंगाम लागला की मध्य ॲमेझॉनमधली बरीच झाडं जुनी पानं टाकतात आणि नवी काढतात, म्हणजे ऐन उन्हाच्या दिवसांत पान ताजं. त्यात किडे पण कोरड्या दिवसांत कमी असतात, कोवळं पान वाचतं.

हे नुसतं अनुमान नाही. पनामाच्या कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा एका टेकडीचं बेट झालं, बारो कोलोराडो त्याचं नाव. तिथे १९८६ पासून पाच वर्षं प्रत्येक कोरड्या हंगामात जंगलाच्या दोन तुकड्यांना पाणी दिलं. चक्क जंगलाला पाणी! म्हणजे जमीन कोरडी पडूच दिली नाही. आणि बहुतेक झाडांनी पानं गाळायची तेव्हाच गाळली, पालवी काढायची तेव्हाच काढली. काही झुडपांची फुलं मागंपुढं झाली, पण मोठी झाडं आपल्या वेळेला धरून राहिली. पाणी हाच एक इशारा असता तर असं झालं नसतं.

दुसरी गोष्ट, लेकीचा प्रश्न, पाणी येतं कुठून. उत्तर दोन ठिकाणी आहे, खाली आणि खोडात. पूर्व ॲमेझॉनमध्ये पारागोमिनासजवळ खड्डे खणून बघितलं तर १८ मीटर खोलीवर मुळं सापडली. १९९४ साली हे छापून आलं, त्याआधी वर्षावनाची मुळं उथळ असतात असंच सगळे समजायचे. १८ मीटर म्हणजे जवळजवळ साठ फूट, आपल्या एखाद्या जुन्या विहिरीएवढं. पावसाळ्यात जमिनीत मुरलेलं पाणी झाड तिथून उन्हाळाभर ओढतं. आणि खोडाचं म्हणाल तर पानझडी झाडांत फार सुंदर प्रकार चालतो. पान म्हणजे पाणी बाहेर जायचं दार. सगळी पानं गळली की दारं बंद. मग खालून थोडं थोडं येणारं पाणी खोडात साठत जातं, खोड पुन्हा भरतं, आणि तेवढ्या पाण्यावर डोळे फुटतात. म्हणजे पानगळ झाली म्हणून पालवी येते. काटेसावर, पांगारा यांच्या मऊ लाकडात तर पाण्याचा साठाच असतो, म्हणून ते निष्पर्ण असताना फुलांनी लाल होतात.

आशियातल्या मोसमी जंगलांत बरीच झाडं दिवस मोठा होऊ लागला की पालवी काढतात, पावसाच्या आधी दोन महिने. सोलापुरात डिसेंबरात दिवस अकरा तासांचा असतो, जूनमध्ये सव्वातेराच्या आसपास. एवढा फरक झाडाला पुरतो.

आजीची गोधडी, १२ एप्रिल, सकाळी ११:१०
म्हणून पिंपळ पाडव्याच्या सुमारास तांबूस होतो तर! आमच्या वाड्यातल्या पिंपळाची कोवळी पानं हातात घेतली की अशी लोळतात, ओल्या रेशमासारखी. आणि आंब्याची पालवी पण तांबडी, लोंबणारी. ते का असतं हो सर?

जंगलवाट, १२ एप्रिल, सकाळी ११:४०
आजी, कोवळ्या पानात हिरवा रंग उशिरा भरतात काही झाडं. तांबडा रंग उन्हापासून पान सांभाळतो, आणि पान कडक व्हायच्या आत किड्यांनी खाल्लं तरी फार गुंतवणूक वाया जात नाही. सीताअशोक आणि नागकेशर या सदाहरित जंगलातल्या झाडांत हे ठळक दिसतं. नागकेशराची पालवी बघितली तर झाडाला फुलंच आलीत असं वाटतं.

दत्त चौक, १२ एप्रिल, दुपारी १:२५
सर छान लिहिलंत पण एक शंका. २००५ ला ॲमेझॉनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता तेव्हा सॅटेलाइटच्या फोटोत जंगल उलट जास्त हिरवं दिसलं होतं असं मी वाचलंय. म्हणजे दुष्काळानं त्या झाडांचं भलंच होतं की. मग मानौसकर सांगतात तेवढी काळजी कशाला? मुळं साठ फूट आहेत, ऊन भरपूर आहे. मला तरी वाटतं आपण झाडांना फार नाजूक समजतो.

मानौसकर, १२ एप्रिल, दुपारी १:५०
दत्त चौक, भाऊ, इकडे येऊन बघा एकदा.

जंगलवाट, १२ एप्रिल, संध्याकाळी ६:१५
दत्त चौक, तुम्ही वाचलं ते बरोबर आहे, २००७ साली तसा निबंध आला होता. पण त्यावर नंतर बरीच वर्षं वाद झाला. दुसऱ्यांनी तेच फोटो ढग आणि धूर वजा करून तपासले तर ती हिरवाई सापडेना. पुढे २०१४ मध्ये असं दाखवलं गेलं की सूर्य आणि सॅटेलाइट यांचा कोन बदलला की पण जंगल जास्त हिरवं भासतं. मग मनोऱ्यावर कॅमेरे लावून झाडांचे शेंडे रोज बघितले, तेव्हा कोरड्या महिन्यांत नवी पानं येतात हे पक्कं झालं. पण ते नेहमीच्या कोरड्या हंगामाचं. २००५ सारख्या दुष्काळाचं माप घ्यायला सॅटेलाइट पुरत नाही, जमिनीवर झाडांना टेप लावावा लागतो. तो लावला तेव्हा दिसलं की त्या वर्षी झाडांची वाढ घटली, मेलेली झाडं वाढली, आणि एरवी कार्बन साठवणारं जंगल उलट गमावून बसलं.

दरवर्षीचा उन्हाळा आणि दुष्काळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरवर्षीच्या उन्हाळ्यात झाड खालचं पाणी उपसतं आणि पावसाळ्यात ते परत भरतं. लागोपाठ दोन पावसाळे कमी झाले तर भरतच नाही.

सांगोल्याचा भाऊ, १२ एप्रिल, संध्याकाळी ७:००
हेच मी सांगणार होतो. ताण द्यायचा असतो, पण किती ते कळलं पाहिजे. माझ्या चुलत्यानं एका वर्षी हलक्या जमिनीत दोन महिने पाणी तोडलं, वरून ऊन ४३. बहार सोडा, फांद्याच वाळल्या, बुंध्यापासून नवीन फुटवा घ्यावा लागला, दोन वर्षं गेली. ताण आणि मरण यात लई अंतर नसतंय.

विहीरवाला, १२ एप्रिल, रात्री ८:१०
एक अडाणी प्रश्न विचारू का. पाणी कमी पडलं की झाड मरतं म्हणजे नेमकं काय होतं? उपाशी मरतं का तहानेनं?

जंगलवाट, १२ एप्रिल, रात्री ९:३०
विहीरवाला, हा अडाणी प्रश्न नाही, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडली आहेत.

पाणी कमी पडलं की झाड पानावरची रंध्रं मिटतं. त्यानं पाणी वाचतं पण त्याच रंध्रांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो, तो बंद, म्हणजे अन्न बंद. त्यामुळे उपासमारीनं मरत असेल असं बऱ्याच जणांना वाटायचं. ब्राझीलमध्ये काशिवाना नावाच्या जंगलात २००२ पासून एक प्रयोग चालू आहे. एक हेक्टर जंगल, जमिनीपासून थोडं वर प्लॅस्टिकचे पत्रे अंथरून निम्मा पाऊस जमिनीवर पडूच द्यायचा नाही, वाहून बाजूला न्यायचा. पहिली काही वर्षं फारसं काही झालं नाही. मग मोठी झाडं मरायला लागली. मरत असलेल्या झाडांत साखर तपासली तर ती होती, पुरेशी होती. उपाशी नव्हती ती. तहानेनं गेली.

विहीरवाला, १२ एप्रिल, रात्री ९:४२
साखर असून मेली? मग तहान म्हणजे तरी नक्की काय बिघडतं आत?

जंगलवाट, १२ एप्रिल, रात्री १०:०५
तुमचं नाव विहीरवाला आहे म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा काय होतं?

विहीरवाला, १२ एप्रिल, रात्री १०:१२
पाणी खाली गेलं किंवा फूटवॉल गळला की पाइपात हवा शिरते. मोटर नुसती गरगरते, पाणी येत नाही. मग वरून बादलीनं पाणी ओतून प्राइमिंग करायचं. उन्हाळ्यात दिवसातून तीनदा.

जंगलवाट, १२ एप्रिल, रात्री १०:३०
अगदी तेच. झाडाच्या खोडात केसासारख्या बारीक अशा हजारो नळ्या असतात. पान वरून पाणी ओढतं आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची एकसंध दोरी ताणलेली असते. जमीन सुकत गेली की ओढ वाढते, दोरीवर ताण येतो, आणि एका मर्यादेपलीकडे नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी गेली. तो फुटण्याचा आवाज पण होतो, आपल्या कानाला ऐकू न येणारा, यंत्रावर टिकटिक नोंदता येतो. एक नळी गेली की बाकीच्यांवर ओढ वाढते, मग त्या जातात. आणि झाडाला वरून बादलीनं पाणी ओतायला कोणी नाही.

मोठं झाड आधी का जातं तेही यातच आलं. जितकं उंच तितकी ओढ जास्त, शेंडा उन्हात, पानं जास्त. खालची रोपटी सावलीत असतात. २०१२ मध्ये जगभरातल्या २२६ जातींचा हिशोब मांडला गेला, त्यात ७० टक्के जाती हवा धरायच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगतात असं निघालं. आणि गंमत म्हणजे वर्षावनातल्या आणि माळरानावरच्या झाडांत तो फरक फारसा नव्हता. ज्याला जेवढं पाणी मिळतं तेवढ्याला तो ताणून बसलेला. म्हणून भरपूर पावसातलं झाड दुष्काळात सुरक्षित असतं असं नाही.

कडक भाकरी, १३ एप्रिल, सकाळी ७:१५
मी माझं वरचं वाक्य मागे घेतो. मोटरीचं उदाहरण वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेतातलं बांधावरचं जांभळाचं झाड मागच्या दुष्काळात असंच गेलं. शेंड्याकडून वाळत खाली आलं. आम्ही रोग समजून बुंध्याला चुना नि मोरचूद लावत बसलो होतो.

आजीची गोधडी, १३ एप्रिल, सकाळी ९:००
त्या प्लॅस्टिक लावलेल्या जंगलाचं पुढे काय झालं? सगळं मेलं का?

जंगलवाट, १३ एप्रिल, सकाळी ९:४०
नाही आजी. साधारण वीस वर्षांत लाकडाच्या वजनानं बघितलं तर एक तृतीयांशाहून जास्त जंगल गेलं. पण त्यानंतर स्थिरावलं. जी झाडं राहिली त्यांच्या वाट्याला तेवढ्याच पाण्यातून जास्त यायला लागलं, आणि आता ती शेजारच्या पत्रे न लावलेल्या जंगलाइतकीच पाण्यानं भरलेली असतात. २०२५ मध्ये हे छापून आलं.

सांगोल्याचा भाऊ, १३ एप्रिल, सकाळी १०:०५
म्हणजे विरळणी झाली. पण आम्ही विरळणी करताना कुठलं झाड काढायचं ते बघून काढतो, आणि तिथं सगळ्यात मोठी गेली.

सर एक विचारायचं होतं, आमच्यासारखं ताणावर फुलणारं जंगल आहे का कुठं?

जंगलवाट, १३ एप्रिल, सकाळी १०:५०
आहे भाऊ, आणि थेट तुमच्या बहारासारखं. बोर्निओ आणि मलेशियाच्या वर्षावनात आपल्या सालवृक्षाच्या कुळातली प्रचंड झाडं आहेत. ती दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षं काहीच नाही, आणि मग कोरड्याचा एक झटका आला, रात्रीचा गारवा थोडा वाढला, की दोन-अडीच महिन्यांनी शेकडो जाती एकदम फुलतात, मैलोन्‌मैल. बऱ्याचदा एल निनोच्या वर्षी. एरवी ज्या जंगलात कोरडा ऋतूच नाही तिथे कॅलेंडर म्हणून ताणच वापरायचा असं दिसतं. कुर्गातली कॉफी पण तशीच, कळ्या कोरड्यात थांबून राहतात आणि मार्च-एप्रिलच्या एका सरीवर आठ-दहा दिवसांत मळा पांढरा.

तुमच्या सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, ताणाबद्दल तिथल्या लोकांना जेवढं कळतं तेवढं मला नाही.

मानौसकर, १३ एप्रिल, दुपारी ४:२०
इथली एक उलटी गोष्ट सांगतो. नदीकाठच्या सखल जंगलात दरवर्षी नदी दहा मीटर चढते आणि झाडं सहा-सात महिने पाण्यात उभी असतात. होडीनं शेंड्याशेंड्यांतून फिरलोय मी, खाली बघितलं तर पाण्यात फांद्या. त्यांच्यासाठी वाईट दिवस म्हणजे पाण्याचे. मुळं गुदमरतात, वाढ थांबते, काही तर पाण्यात उभी राहून पानं गाळतात. आणि त्या थांबण्यामुळे त्यांच्या खोडात वर्षाला एक कडं पडतं.

काळी माती, १३ एप्रिल, दुपारी ४:४५
कड्यांवरून आठवलं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केरळच्या सागाच्या कड्यांवरून ५२३ वर्षांच्या पावसाचा माग काढलाय. कमी पावसाच्या वर्षी कडं बारीक. ज्यांना वर्षं मोजायची हौस आहे त्यांनी वाचावं.

हुरडा पार्टी, १३ एप्रिल, संध्याकाळी ५:३०
मी एक विचारतो. नागकेशर, सीताअशोक सोलापुरात लावावं का? आमच्या कॉलनीत वृक्षारोपण आहे जूनमध्ये.

जंगलवाट, १३ एप्रिल, संध्याकाळी ६:२०
सावलीत, रोज पाणी घालणारं कोणी असेल तर देवळाच्या आवारात सीताअशोक जगतो. कॉलनीच्या रस्त्याला नको. सह्याद्रीतच बघा, दक्षिणेकडून उत्तरेकडे आलं की कोरडे महिने वाढत जातात आणि केरळातल्या कितीतरी सदाहरित जाती महाराष्ट्रात पोचतच नाहीत. वर्षाचा एकूण पाऊस भरपूर असून नाही पोचत. पाऊस किती यापेक्षा मधे खंड किती महिन्यांचा हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही कडुनिंब, करंज, वड, बहावा, अर्जुन लावा. आणि लावल्यावर त्यांच्या पालवी-फुलांच्या तारखा लिहून ठेवा. सीझनवॉच म्हणून देशभर चालणारा उपक्रम आहे, त्यात कोणीही आपल्या झाडाची दर आठवड्याची नोंद टाकू शकतं. ताईंकडे तर तेवीस वर्षं डोक्यात आहेत!

दत्त चौक, १३ एप्रिल, रात्री ८:००
सर माझं पटलं. एकच वाक्य अजून, मी नाजूक म्हणालो ते चूक होतं, पण चिवट तर आहेत ना?

जंगलवाट, १३ एप्रिल, रात्री ८:१५
चिवट आहेत. जमिनीत पाणी आहे तोपर्यंत. दक्षिण ॲमेझॉनमध्ये तर कोरड्याच्या शेवटी झाडंच खोलचं पाणी हवेत सोडून पावसाळा दोन-तीन महिने आधी ओढून आणतात. ती झाडं तोडली किंवा मेली तर पावसाळाच उशिरा येतो, आणि मग उरलेल्यांना अजून लांब उन्हाळा. मला सगळ्यात जास्त भीती या चक्राची वाटते.

ताई, आपण सगळे बोलत बसलो, तुमच्या झाडाचं काय? साल खरवडली का? आणि गेल्या वर्षभरात झाडाच्या आजूबाजूला काही बदल झालाय का, खणणं, ड्रेनेज, रस्ता?

चिंचेचा पार, १३ एप्रिल, रात्री ९:१०
सगळं वाचतेय, लेकीला पण वाचून दाखवलं. साल खरवडली, हातात येतील त्या तीन फांद्यांची. दोनमध्ये हिरवं आहे, एकीत तपकिरी, कोरडं.

आणि तुम्ही विचारलंत ते वाचून पोटात गोळा आला. दिवाळीच्या सुमारास गल्लीचा रस्ता काँक्रीटचा झाला. ठेकेदाराच्या माणसांनी अगदी बुंध्याला टेकवून ओतलं, पूर्वेच्या बाजूला इंचभर पण माती शिल्लक नाही. पश्चिमेला शेजाऱ्यांचं कुंपण आहे तिथे तेवढी उघडी आहे. तेव्हा मी गॅलरीतून बघत होते. आता धूळ नाही उडणार म्हणून बरं वाटलं होतं मला.

विहीरवाला, १३ एप्रिल, रात्री ९:२५
मग पावसाळ्यानंतरचं पाणी आत गेलंच नाही ताई. परतीचा पाऊस त्या बाजूनं सगळा गटारीत.

जंगलवाट, १३ एप्रिल, रात्री ९:४०
मुळांना हवा पण लागते, ती पण बंद झाली. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं ते याच कारणासाठी. पालिकेत अर्ज द्या, फोटो जोडा, त्या आदेशाचा उल्लेख करा. काँक्रीट फोडताना मोठी मुळं तुटू देऊ नका, हातानं, छिन्नीनं, जड मशीन नको. आणि मग पाणी एकदम नाही, आठवड्यातून एकदा पण खोलवर मुरेल असं, बुंध्यापासून लांब.

सांगोल्याचा भाऊ, १३ एप्रिल, रात्री ९:५५
पहिलं पाणी हलकं द्या. ताणातल्या झाडाला पहिल्यांदाच भरभरून द्यायचं नसतंय. आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाका, उसाचं पाचट मिळालं तर लईच चांगलं, लागलं तर मी पाठवतो.

चिंचेचा पार, २ मे, सकाळी ७:३०
मंडळी, उशीर झाला लिहायला. अर्ज दिला, दोनदा चकरा मारल्या, परवानगी मिळाली. गेल्या रविवारी गल्लीतली सहा पोरं आणि माझे मिस्टर, सकाळी सहापासून दहापर्यंत, दीड मीटर गोल फोडला. काँक्रीटखालची माती इतकी कोरडी होती की मुठीत धरली तर पिठासारखी सांडली. एक मूळ मनगटाएवढं, वरची साल भाजल्यासारखी. भाऊंनी पाचटाची दोन पोती खरंच पाठवली एसटीनं, त्यांचे उपकार.

तीन वेळा पाणी दिलंय. आज सकाळी दूध आणायला निघाले, सवयीनं वर बघितलं. कुंपणाकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या, दोन मोठ्या फांद्यांना पालवी आहे. पोपटी नाही, थोडी तांबूस, पानं अजून मिटलेलीच. पूर्वेच्या बाजूला काही नाही. लेक शिडी लावून पूर्वेची एक फांदी खरवडून आली, म्हणते आत अजून ओलसर लागतंय, पण हिरवं म्हणावं का पिवळं म्हणावं कळत नाही. तिनं वही केलीय, तारीख घालून लिहितेय. फोटो संध्याकाळी टाकते, आत्ता उजेड मागून येतोय, नीट दिसत नाही.